नाटक नव्हे, शालू पाहिला

ठाणे, नौपाडा. भाद्रपद शु. ६, शके १८१७

चि. सौ. गोदा हिला आशीर्वाद, आणि हे पत्र तिला वाचून दाखवण्याची तसदी घेणाऱ्या तीर्थरूप अण्णांना जावयाचा नमस्कार.

अण्णांना अलीकडे मोडी दिसत नाही असे कळले, म्हणून बाळबोधीत चांगले टपोरे लिहितो आहे. कचेरीत कोणी पाहिले तर हरिहरपंत पुन्हा शाळेत जाऊ लागले म्हणतील. म्हणोत.

तू नागपंचमीला माहेरी म्हणून कल्याणला गेलीस त्याला महिना होऊन गेला. कोणी विचारले तर मी 'नागपंचमी अजून चालू आहे' असे सांगतो. लोक हसतात, मीही हसतो, पण घरी येऊन कुलूप उघडताना हसू राहत नाही.

नथीबद्दल मी एकदा कबूल केले आहे, पुन्हा करतो. चित्तचंद्रिका नाटक मंडळी गावात आली की मालक राघोपंत चांगल्या घरी जाऊन खऱ्या नथी, खरे शेले मागून नेतात, ही तर रीतच आहे. द्रौपदीच्या नाकात पितळेची नथ बरी दिसत नाही. ठाण्यातल्या बऱ्याच घरांनी दिले, मीही दिले. त्या बदल्यात पहिल्या रांगेत खुर्ची मिळते, हे खरे. पण मी खुर्चीसाठी दिले असे नाही. आता शेजारच्या कमळाबाईंनी बायकांच्या बाजूला बसून तुझी नथ ओळखावी, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर सर्वांदेखत 'गोदा, तुझी नथ फार छान रडली हो!' असे म्हणावे, यात माझा काय दोष? असो. दोष माझा. (अण्णांनी हे वाक्य दोनदा वाचावे.)

नथ तू घेऊन गेलीस. कोपिनेश्वराला बेल वाहून 'पुन्हा नाटक पाहणार नाही' अशी शपथ मी तुझ्यासमोर घेतली आणि ती अक्षरशः पाळतो आहे. काल जांभळी नाक्यावर गणपतीपुढे मेळा ऐकला, पण मेळा म्हणजे नाटक नव्हे. त्यात सगळे रांगेत उभे राहून गातात. कोणी कोणाची बायको नसते. परवा कीर्तनाला गेलो होतो. बुवांनी मधेच शेला डोक्यावर घेऊन यशोदा केली, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. बहुतेक वेळ मिटलेलेच होते.

तू शालू मागवलास. शालू संदुकीत अगदी सुखरूप आहे. पाठवता येत नाही, कारण संदुकीची किल्ली सापडत नाही. शिवाय हवा दमट, म्हणून सध्या तो बाहेर ऊन खात पडला आहे. तेव्हा घाई करू नये.

(येथून चार ओळी अण्णांनी मोठ्याने वाचू नयेत.) पिठले मला जमत नाही. पण पिठल्याचे काही नाही. मी नाटक पाहून आलो की दुसऱ्या दिवशी जेवताना तू 'मग पुढं काय झालं?' विचारायचीस आणि भात वाढायचा विसरायचीस. आता भात वेळेवर मिळतो, कारण मीच वाढतो. विचारणारे कोणी नाही. फार सुने वाटते.

हरिहर


ठाणे. भाद्रपद शु. १३

चि. सौ. गोदेस आशीर्वाद. तीर्थरूप अण्णांना नमस्कार आणि क्षमायाचना.

अण्णांचे पत्र पोचले. तुझा निरोप त्यांनी जसाच्या तसा उतरवला असावा, कारण 'ढोंगी' हा शब्द अण्णा स्वतः होऊन लिहिणार नाहीत.

कमळाबाई कल्याणला एवढ्या वारंवार कशासाठी येतात ते कळत नाही. पण त्यांनी सांगितले ते खरे आहे. शालू संदुकीत नाही. नथ दिली त्याच दिवशी शालूही मंडळीला दिला. दोन्ही एकाच रुमालात बांधले होते. तू नथीबद्दल विचारलेस, शालूबद्दल विचारले नाहीस, म्हणून मी आपण होऊन विषय काढला नाही. हे ढोंग असेल तर असो.

कोजागिरीच्या आत शालू तुझ्या हातात पडला नाही तर ठाण्याचे तोंड पाहणार नाहीस, असे तू लिहवले आहेस. अण्णांनी त्याखाली रेघ मारली आहे. ती रेघ तू मारायला सांगितलीस की त्यांना स्वतःला वाटली?

हे पत्र येताच मी शालू सोडवायला निघालो. मंडळीचा खेळ इथेच नौपाड्यात, गणपतीच्या मांडवात होता. मी पोचलो तोवर शालू रंगभूमीवर गेलेला. चालत्या खेळातून द्रौपदीच्या अंगचे वस्त्र परत मागणे सभ्यपणाचे नव्हे, म्हणून समोर बसून राहिलो. शपथ मोडली असे म्हणशील, पण मी नाटक पाहिले नाही. मी शालू पाहिला. पोपट नावाचा नट तो नेसतो. पदर कमरेला खोचतो, निऱ्यांवर बसतो, आणि आत जाऊन त्याच हातांनी वडे खातो हे मला बाजूच्या कनातीतून दिसले.

पुढे वस्त्रहरण सुरू झाले. दुःशासन म्हणजे आडदांड गडी. त्याने जरीच्या काठालाच हात घातला आणि ओढला. टर्र असा आवाज झाला की मला तसा भास झाला, देव जाणे. मी खुर्चीवरून उठून ओरडलो, "सोड! सोड म्हणतो ना! लग्नातला आहे तो!"

मग मागून कोणीतरी "वाहवा!" म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. भक्तिभावाने माझे भान हरपले असा लोकांचा समज झाला. एका म्हाताऱ्याने माझ्या पायाला हात लावला. सगळ्यांसमोर दुःशासन थकून पडेपर्यंत मी उभाच होतो.

खेळानंतर राघोपंतांना गाठले. ते म्हणाले, "पंत, आज काय रंग भरलात! उद्याही या."

"शालू द्या," मी म्हटले.

"आत्ता? अहो, नवरात्रात कल्याणला देवीच्या उत्सवाचं आमंत्रण आहे. तिथं द्रौपदीला काय धोतर नेसवू? शेवटच्या दिवशी ललिताची सोंगं झाली, की दुसऱ्याच दिवशी शालू तुमच्या दारात."

तेव्हा शालू तुझ्याच गावी येतो आहे. फक्त तुझ्याकडे येत नाही. पण मी आणीन. शालू फाटलेला नाही, हेही सांगून ठेवतो. काठाजवळ एक टाका उसवला आहे.

(अण्णांनी मनात वाचावे.) मी ओरडलो तेव्हा मला शालू दिसत नव्हता. बोहल्यावर तू तो नेसून उभी होतीस, आणि मुंडावळ्यांमधून माझ्याकडे पाहून जांभई दिली होतीस, ते दिसत होते.

हरिहर


ठाणे. आश्विन शु. ४

चि. सौ. गोदेस आशीर्वाद.

मी काल कल्याणला येऊन गेलो. पारनाक्यापर्यंत आलो, अण्णांच्या घराचे कौल दिसले, आणि परत फिरलो. हात रिकामे होते. रिकाम्या हाताने तुझ्यासमोर उभे राहण्याचे धैर्य मला झाले नाही. अण्णांनी रागावू नये.

मंडळीच्या पेट्या खाडीमार्गे नेणाऱ्या धाकूच्या होडीतून गेलो. धाकू म्हणजे आपल्या इथला आगरी, एरवी मीठ नेतो. वाटेत पेटीतूनच शालू काढून घ्यावा असा माझा विचार होता. चोरी नव्हे; आपलीच वस्तू.

"धाकू, हिरवा शालू कुठल्या पेटीत आहे रे?"

"मना काय ठावं, भट? पेट्या बारा, वझा सारकाच. येका पेटीन भीमाची गदा हाय, ती तेवरी हलकी."

"तू पाहतोस का रे यांचे खेळ?"

"पायतो ना. पन बायकोला नेल्याबिगर मी कंदी जात नाय." वल्हे थांबवून तो माझ्याकडे पाहून हसला. "येकटा गेलो तं घरान घेल का ती मना?"

त्यांच्यात चालते तसे. आपल्यात रीत निराळी. कमळाबाई जातात ती गोष्ट वेगळी. त्यांना कोण अडवणार!

कल्याणात पोचल्यावर निराळेच संकट. पोपटला गालगुंड झाले आहे. द्रौपदीचा चेहरा भोपळ्याएवढा झाल्यावर कौरवसुद्धा तिच्या वाटेला जाणार नाहीत. इतर खेळ राघोपंतांनी रद्द केले, पण शेवटच्या दिवशीचे ललित देवीपुढे व्हायलाच हवे. त्यात सगळी सोंगे येऊन शेवटी देवीकडे मागणे मागतात, तेव्हाच उत्सव पुरा होतो. त्यात एक रुसलेली सत्यभामा आहे, आणि ती करायला माणूस नाही.

मी म्हटले, "मग शालू आता मोकळा झाला. द्या."

राघोपंत माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. पुढून पाहिले, बाजूने पाहिले. मग म्हणाले, "पंत, तुमची उंची सत्यभामेची आहे. चार ओळी म्हणा, आणि शालू अंगावरूनच घरी न्या. नाहीतर मंडळी दुसऱ्याच दिवशी नाशकाला जाते आहे, पेट्यांसकट."

मी त्यांना काय काय बोललो ते अण्णांसमोर वाचण्यासारखे नाही. कचेरीतला मनुष्य मी! साफ नकार देऊन आलो. शालूची दुसरी काही व्यवस्था करीन.

हरिहर


ठाणे. आश्विन शु. ८

चि. सौ. गोदेस आशीर्वाद.

घाईत चार ओळी. एकादशीला संध्याकाळी देवीपुढे ललित आहे. तू जाऊ नकोस. गर्दी फार होते, पडसे होते. ललित हे काही घरंदाज बायकांनी पाहण्यासारखे नसते. यंदाचे तर मुळीच नसेल. नंदालाही जाऊ देऊ नकोस, ती धाकटी बहीण तुझी, तिला लगेच सगळीकडे सांगायची सवय.

कमळाबाई येऊन काही सांगतील तर आधीच खुलासा करतो. परवा त्या वाटी मागायला न विचारता आत आल्या, तेव्हा मी धोतराच्या घड्या घालत होतो. घड्या कमरेपाशी घातल्या की चांगल्या बसतात, म्हणून तिथे घालत होतो.

दुसरे असे, की माझ्या वरच्या ओठावर उष्णतेचा फोड आला होता. वैद्यांच्या सल्ल्याने मिशा उतरवल्या आहेत. कचेरीत सगळे एकदम गंभीर झाले. पट्टेवाल्यानेही मला पाणी आणून दिले, जे त्याने नऊ वर्षांत केले नव्हते. साहेबांनी न मागता रजा मंजूर केली. का ते मला आधी समजले नाही, आणि समजले तेव्हा रजा हातात होती.

आईचे पनवेलहून पत्र नाही. ठीक असेलच.

(मनात वाचावे.) कोजागिरीला शालू तुझ्या हातात असेल. त्यासाठी काय करावे लागते आहे ते तुला कधी कळू नये एवढीच इच्छा.

हरिहर


ठाणे. आश्विन शु. १२

चि. सौ. गोदेस आशीर्वाद, तीर्थरूप अण्णांना साष्टांग नमस्कार.

अण्णांचे सांत्वनाचे कार्ड आज घरी आल्यावर पाहिले. वाचून तोंडचे पाणी पळाले. आई ठणठणीत आहे! कोणी गेलेले नाही! कचेरीतल्या कोणी कल्याणात येऊन 'हरिहरपंतांनी मिशा उतरवल्या, रजा घेऊन गेले' असे सांगितले, आणि तुम्ही सर्वांनी मी पनवेलला आईच्या क्रियेला गेलो असे धरलेत, यात तुमची काही चूक नाही. आपल्याकडे माणूस मिशा कशासाठी उतरवतो ते सर्वांना ठाऊक आहे. फोडाचेच पत्र वेळेवर पोचायला हवे होते.

गोदे, तू सुतक धरून बाजूला बसलीस, सासूसाठी रडलीस, असे अण्णा लिहितात. मला फार लाज वाटली. आईला हे कळवू नका, ती मला जिवंत ठेवणार नाही.

सुतक असल्यामुळे तू एकादशीला देवळात गेली नसशील. बरे झाले. म्हणजे वाईट झाले.

मी तिथे केवळ प्रेक्षक म्हणून हजर होतो. सत्यभामा कोणी नवखा मनुष्य होता. ठीक केले त्याने, विशेष काही नाही. ललित संपल्यावर राघोपंतांनी शब्द पाळला. शालू धाकूबरोबर पाठवत आहे. उसवलेला टाका मीच घातला आहे. दोरा तांबडा आहे, हिरवा घरात सापडला नाही. खांद्याजवळ जे पांढरे दिसेल तो नटांनी तोंडाला फासायचा सफेता आहे, पोपटचा असावा.

कोजागिरीला अजून तीन दिवस आहेत. मी अट पुरी केली. आता तू ठरव.

हरिहर


कल्याण, पारनाका. आश्विन शु. १४

यांच्या पायांशी गोदेचा नमस्कार.

हे पत्र मीच लिहिते आहे. अण्णा बाजूला बसून काना-मात्रा बघतात, बाकी बोलत नाहीत. मी श्रावणातच अक्षरं शिकायला लागले होते, पण जोर चढला तो तुमच्या पहिल्या पत्रानं. तुम्ही 'अण्णांनी मोठ्याने वाचू नये' असं लिहिता आणि आमचे अण्णा इतके सज्जन, की ते खरंच मोठ्यानं वाचत नाहीत. खोकतात आणि पुढच्या ओळीवर जातात. मग माझ्यासाठी लिहिलेलं मला कळायचं कसं? म्हणून तुमचीच पत्रं घेऊन बसले. ती पिठल्याची ओळ लागायला चार दिवस गेले. जांभईची ओळ एका दुपारी लागली. पण ती जांभई नव्हती, होमाचा धूर नाकात गेला होता.

आता ऐका. नवमीला तुमच्या मिशांची बातमी आली. मी अंघोळ करून कोपऱ्यात बसले आणि खरंच रडले, कारण सासूबाई माझ्यावर ओरडल्या तरी कैरीचं लोणचं लपवून मलाच द्यायच्या. एकादशीला सकाळी पनवेलला निघायचं म्हणून गाडी जुंपली. इतक्यात दुसरी गाडी दारात येऊन थांबली आणि तिच्यातून सासूबाई उतरल्या. देवीला आल्या होत्या.

मला कोपऱ्यात मोकळ्या केसांनी बसलेली बघून त्यांनी विचारलं, "अगं बाई! कोण गेलं?"

अण्णा उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "आपणच."

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि तेवढ्यात टपालानं आलेलं, ललिताला जाऊ नकोस म्हणणारं तुमचं पत्रही. मग म्हणाल्या, "गेले तर गेले, आधी मला एकादशीचा फराळ वाढा." फराळ केला, पाटावरून उठल्या आणि म्हणाल्या, "चल गोदे. माझा मुलगा कुणासाठी मिशा उतरवून बसलाय ते बघून येऊ."

तेव्हा आम्ही देवळात होतो. बायकांच्या बाजूला, खांबाच्या पुढं. नंदाही होती.

तुम्ही बाहेर आलात आणि मी तुम्हांला ओळखलंच नाही. शालू आधी ओळखला. मग ती चाल ओळखली; कचेरीला उशीर झाल्यासारखी सत्यभामा चालत होती. निऱ्या एका बाजूला गेलेल्या, पदर उलट्या खांद्यावर. सासूबाई म्हणाल्या, "हा तर आपला हरी!" आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि मला भीती वाटली की आता खरंच सुतक येतंय.

मग कृष्णानं विचारलं, "सत्यभामे, का रुसलीस?" आणि तुम्ही गप्प. आजपर्यंत प्रत्येक नटाच्या चुका मला जेवताना सांगितल्यात, आणि स्वतःला चार ओळी आठवेनात. कृष्णानं दोनदा विचारलं. लोक हसायला लागले. तेव्हा तुम्ही कृष्णाकडे पाठ केलीत, देवीकडे वळलात, आणि साध्या आवाजात, रोजच्या आवाजात म्हणालात, "आई, मला काही येत नाही. माझी गोदा घरी येऊ दे."

लोकांना वाटलं खेळातलंच आहे. टाळ्या झाल्या. सासूबाई एकदम हसायच्या थांबल्या आणि माझा हात धरून बसल्या.

तुम्ही पत्रात लिहिलंत, सत्यभामा कोणी नवखा मनुष्य होता, विशेष काही नाही. ते वाचून मी अण्णांसमोर हसले आणि मग आत जाऊन रडले. आता स्पष्ट सांगते, कारण आता लिहिता येतं आणि मधे कुणी नाही. मी नथीसाठी रुसले नव्हते. शालूसाठीही नाही. तुम्ही नाटक बघून यायचात, मला सांगायचात, आणि मी भात वाढायचा विसरून ऐकायची. सहा वर्षं मी नाटक तुमच्या तोंडून ऐकलं. तुम्ही माझी नथ नाटकाला नेलीत, माझा शालू नेलात, मला मात्र एकदाही नेलं नाहीत. कमळाबाई विहिरीवर बोलल्या तेव्हा मला तेच लागलं, की माझ्या नथीनं नाटक बघितलं आणि मी नाही.

धाकू शालू घेऊन आला. त्यानं सगळं सांगितलं, त्याच्या बायकोचंसुद्धा. मी त्याला लाडू दिले.

तांबडा टाका मी काढणार नाही. राहू दे तसाच.

उद्या कोजागिरी. सासूबाईंना आणि मला घ्यायला धाकू त्याची होडी आणणार आहे. दुपारपर्यंत नौपाड्यात पोचू. सासूबाई तुमच्याशी बोलणार आहेत, तेव्हा पोटभर जेवून घ्या. राघोपंतांची मंडळी कार्तिकात पुन्हा ठाण्याला येणार असं धाकू म्हणतो. त्यांना नथ हवी असेल तर नथ देऊ, शालू हवा असेल तर शालूही देऊ. मात्र बदल्यात खुर्च्या दोन मागून घ्या.

आणि तोवर मिशा वाढवा. त्या दिवशी मला तुमच्या शेजारी बसायचं आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं कोण गेलं म्हणून विचारलेलं मला चालणार नाही.

तुमची
गोदा